हेलपाटा वाचवणारी यंत्रे

इंटरनेटला जोडलेले उपकरण म्हणजे काय हे समजायला बाथरूममधला गीझर पुरेसा आहे. बटण दाबले की तो तापतो, पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की त्यातला थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि पाणी निवले की पुन्हा जोडतो. एवढे शहाणपण त्याला फार पूर्वीपासून आहे. आपण चालूच राहिलो आहोत हे मात्र तो कोणाला सांगू शकत नाही. लोकलमध्ये बसल्यावर घरच्यांना ते आठवले, तर शेजाऱ्यांना फोन करायचा, नाहीतर पुढच्या स्टेशनवर उतरून परत फिरायचे. त्याच गीझरची पिन हजार-दीड हजाराच्या स्मार्ट प्लगमध्ये घातली की दोन गोष्टी नव्याने जमू लागतात. आपली अवस्था दूरवर कळवता येते आणि दूरवरून आलेला हुकूम पाळता येतो. या दोन्ही गोष्टी, किंवा दोन्हींपैकी एक, ज्या वस्तूला इंटरनेटवरून करता येते ती इंटरनेटला जोडलेली वस्तू. अशा वस्तूंच्या पसाऱ्याला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' किंवा थोडक्यात 'आयओटी' म्हणतात. मराठीत 'वस्तुजाल' असा शब्दही लिहिला जातो, बोलला मात्र फारसा जात नाही. 'स्मार्ट' हे विशेषण विक्रेत्यांनी चिकटवलेले आहे. शहाणपण बहुतेक वेळा त्या वस्तूत नसतेच. ते कुठल्यातरी सर्व्हरमध्ये असते, आणि काही वेळा कुठेच नसते.

ही यंत्रे जन्मली ती हेलपाट्याच्या कंटाळ्यातून. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाचे कोकचे यंत्र तिसऱ्या मजल्यावर होते. लांबच्या खोलीतून तिथवर चालत जावे तर यंत्र रिकामे, किंवा बाटल्या नुकत्याच भरलेल्या आणि कोमट! १९८२च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी त्या यंत्राच्या दिव्यांना तारा जोडून ती माहिती विभागाच्या संगणकावर आणली. कोणत्या रांगेत बाटली आहे आणि ती भरून किती मिनिटे झाली, हे जागेवर बसून कळू लागले. तीन तास उलटले की बाटली थंड समजायची. हा संगणक इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटला जोडलेला होता, त्यामुळे ज्यांना तो कोक कधीच प्यायला मिळणार नव्हता असे लोकही दूरच्या शहरांतून चौकशी करू शकत. १९९१मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात हेच घडले, फक्त कोकच्या जागी कॉफी होती. ट्रोजन रूम नावाच्या खोलीतल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला गेला आणि १२८ बाय १२८ ठिपक्यांचे धूसर करडे चित्र सहकाऱ्यांच्या पडद्यावर दिसू लागले. १९९३मध्ये ते चित्र वर्ल्ड वाइड वेबवर गेले आणि भांडे जगप्रसिद्ध झाले. २००१मध्ये कॅमेरा बंद झाल्यावर त्या विभागातले कॉफीयंत्र जर्मनीच्या 'डेर श्पीगल'ने लिलावात ३,३५० पौंडांना विकत घेतले.

याच काळातला टोस्टर मात्र दुसऱ्या जातीचा. १९९०मध्ये जॉन रोमकी यांनी इंटरॉप या प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर मांडला. ब्रेड हातानेच ठेवावा लागे. पुढच्या वर्षी त्यासाठी छोटी क्रेन बसवली गेली. तंत्र म्हणून तो चमत्कार होता, पण ब्रेड ठेवायला टोस्टरपाशी आलेल्या माणसाला खटका दाबायला वेगळे यावे लागत नव्हते. कोकच्या यंत्राने हेलपाटा वाचवला, टोस्टरने फक्त करामत दाखवली. आजच्या बाजारातल्या मालाची विभागणीही याच दोन घराण्यांत करता येते.

'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन अ‍ॅश्टन यांनी १९९९मध्ये दिले. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत काम करताना त्यांना एक गोष्ट खटकत होती: लिपस्टिकची एक छटा दुकानाच्या फळीवरून सारखी संपलेली असे, कोठारात माल असूनही. फळी रिकामी झाल्याचे कोठाराला कळवणार कोण? माणसाने मोजून संगणकात भरावे, तर माणूस विसरतो, कंटाळतो. प्रत्येक वस्तूला रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप लावली तर वस्तूच स्वतःची नोंद देईल, हा त्यांचा मुद्दा होता.

मुद्दा पटायला सोपा होता, परवडायला महाग. चिप स्वस्त झाल्या आणि वाय-फाय घरोघर पोचले तेव्हा कुठे ही यंत्रे दुकानात आली. २०१४मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची 'ईएसपी८२६६' ही चिप बाजारात उतरली. वाय-फाय आणि छोटा संगणक एकाच तुकड्यात, आणि किंमत काहीशे रुपयांच्या आत. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रकल्पांत तिचा सुळसुळाट झाला, आणि स्वस्त प्लग, बल्ब यांच्या पोटातही ती किंवा तिची भावंडे जाऊन बसली.

गीझरचा प्लग उघडला (उघडू नये, पण उघडलाच) तर आत मुख्यतः तीन गोष्टी दिसतात. पहिली, २३० व्होल्टची वीज चिपला पेलेल अशा ३.३ व्होल्टवर आणणारे छोटे सर्किट. दुसरी, नखाएवढी चिप, तिच्या कडेला नागमोडी छापलेली तांब्याची रेघ. ती रेघ म्हणजे अँटेना. तिसरी गोष्ट रिले, म्हणजे काळ्या किंवा निळ्या डबीतले छोटे विद्युतचुंबक. चिपने चिमूटभर वीज सोडली की चुंबक धातूची पट्टी ओढतो, 'टक्' असा आवाज येतो आणि गीझरची वीज जोडली जाते. सगळ्या वस्तुजालाचा जमिनीवरचा परिणाम तो 'टक्' आहे. इथेच एक व्यावहारिक गोष्ट येते. २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपियर खेचतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला १६ अँपियरचाच प्लग हवा. १० अँपियरचा स्वस्त प्लग चार दिवस चालतो, मग त्याचे संपर्क काळे पडतात आणि प्लास्टिक वितळल्याचा वास येतो.

हुकमाचा प्रवास कारण नसताना लांबचा वाटतो. कांदिवलीच्या घरातला गीझर चर्चगेटहून बंद करायचा, तर फोनवरचा हुकूम आधी मोबाईल कंपनीच्या टॉवरकडे, तिथून प्लगच्या कंपनीच्या सर्व्हरकडे (तो मुंबईत असेल किंवा सिंगापुरात), तिथून घरच्या राउटरकडे आणि शेवटी प्लगकडे जातो. मालक बाथरूमबाहेरच उभा असला तरी अनेक स्वस्त प्लग हाच वळसा घेतात. सर्व्हर मध्ये लागतो याचे कारण राउटर. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो: अनोळखी माणसाला आत सोडत नाही, पण आतून कोणी बोलावले असेल तर त्याला अडवतही नाही. म्हणून प्लग स्वतःच सर्व्हरशी संबंध जोडतो आणि 'आहे, आहे' असे ठरावीक वेळाने सांगत तो टिकवतो. या संभाषणाची एक प्रचलित पद्धत म्हणजे एमक्यूटीटी. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी ती १९९९मध्ये तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी रचली. तिथे उपग्रहावरून जाणारा प्रत्येक बाइट महाग पडे, म्हणून निरोप जेवढा आखूड करता येईल तेवढा केलेला. पद्धत मासिकाच्या वर्गणीसारखी आहे. ज्याला ज्या विषयाची बातमी हवी तो त्या विषयाचा वर्गणीदार होतो, आणि मध्यस्थ सर्व्हर बातमी आली की वर्गणीदारांना पोचवतो.

वाय-फाय सोयीचे, पण वीजखाऊ. बटणसेलवर वर्षभर चालायचे असेल, जसा दार उघडल्याचे सांगणारा सेन्सर, तर झिगबीसारखी कमी शक्तीची पद्धत लागते आणि मध्ये एक हब ठेवावा लागतो. (झिगबी हे नाव मधमाश्यांच्या नागमोडी नाचावरून आले.) मोकळ्या रानात काही किलोमीटर पल्ला हवा असेल तर लोरा ही पद्धत; भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना मोकळा आहे. जिथे यातले काहीच नाही तिथे सिमकार्ड. यंत्रांच्या सिमकार्डांसाठी भारतात १३ अंकी क्रमांक ठरवले गेले ते माणसांचे १० अंकी क्रमांक अपुरे पडू नयेत म्हणून. नवा प्लग घरच्या वाय-फायला जोडला जात नाही ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा एकच असते: प्लगला फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजते आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो.

घरातल्या उपयोगांत दिवे आणि पंखे यांचे कौतुक पहिल्या महिन्यापुरते टिकते. बोलून दिवा लावण्यापेक्षा भिंतीवरचे बटण जवळ असते, आणि पाहुण्याने ते बटण बंद केले की स्मार्ट बल्ब ठार बहिरा होतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा हात न चालणाऱ्या माणसासाठी मात्र हाच दिवा मोलाचा, कारण त्याला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागत होती. रंगीत पडद्याचा इंटरनेट फ्रिज एलजीने २०००मध्येच काढला होता. पंचवीस वर्षांनंतरही फ्रिजमध्ये दूध आहे का हे दार उघडूनच पाहिले जाते. टोस्टरच्या घराण्यातला आहे तो. सोसायटीच्या टाकीवरचा पातळी मोजणारा सेन्सर मात्र कोकयंत्राच्या घराण्यातला. तो वटवाघळासारखा आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून पातळी काढतो. खालच्या टाकीत पाणी आहे आणि वरची रिकामी होत आली असे दिसले की पंप सुरू होतो. वॉचमनच्या गच्चीवरच्या फेऱ्या वाचतात, आणि टाकी वाहून जिन्यात ओढा येत नाही. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरात कॅमेरा लावून पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेली मुले निर्धास्त होतात हेही खरे. मात्र दिवसभर आपल्याकडे कोण बघते आहे हे त्या आईवडिलांना सांगून कॅमेरा लावला जातोच असे नाही.

बोलके स्पीकर भारतात २०१७पासून मिळू लागले. ते सतत ऐकतात, पण सतत पाठवत नाहीत. आपले नाव ओळखण्यापुरती अक्कल त्या डब्यातच असते. नाव ऐकू आल्यावरचे बोलणे मात्र ध्वनिमुद्रित होऊन कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि अर्थ तिथे लावला जातो. नावासारखा दुसरा शब्द कानावर पडला तरी हा प्रवास घडतो.

महाराष्ट्रात वस्तुजालाचा खरा संसार शेतात सुरू झाला, आणि तोही स्मार्टफोन नसताना. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. विहीर घरापासून कोस-दीड कोस. रात्री मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरून जायचे, वाटेत साप, विंचू, उसाच्या पट्ट्यात बिबट्या. पोचल्यावर कळायचे की लाइट आलेलीच नाही. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' हे उपकरण बनवले. स्टार्टरच्या पेटीशी एक मोबाईल जोडलेला असतो. शेतकऱ्याने साध्या फोनवरून त्याला फोन लावायचा, वीज आहे की नाही ते कळते, आणि ठरलेले आकडे दाबले की मोटर सुरू होते. २००९मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. तेव्हापासून अशा 'मोबाईल स्टार्टर'चे अनेक प्रकार आले.

चालू-बंद करणे हा त्यांचा अर्धाच उपयोग. एक फेज गेली आणि मोटर दोन फेजवर घुरघुरत राहिली तर तिचे वाइंडिंग जळते. बोअर आटला आणि पंप कोरडा फिरला तरी नुकसान. चांगला मोबाईल स्टार्टर तिन्ही फेज आणि मोटरचा प्रवाह पाहत असतो, बिघडले की मोटर तोडतो आणि फोनवर कारण कळवतो. पूर्वी रात्रीच्या हेलपाट्यावर शेतकऱ्यांचा तोडगा होता ऑटोस्विच: वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण गावातल्या सगळ्यांनी ऑटोस्विच लावले की वीज येताच सगळ्या मोटरी एका क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते, आणि मग डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळते. नवी डीपी येईपर्यंत उभे पीक वाळते. ज्याच्या हातात फोन आहे तो थोडे थांबून मोटर लावू शकतो. थांबतोच असे नाही, हा भाग वेगळा.

नाशिकच्या द्राक्षबागांत उपकरणे आणखी बारीक काम करतात. द्राक्षाला डाऊनीचा रोग लागायला पान किती वेळ ओले राहिले हे महत्त्वाचे असते. म्हणून वेलींमध्ये पानाच्या आकाराची एक पट्टी बसवतात. तिच्यावर दव किंवा पाऊस साचला की तिच्यातून मिळणारा विद्युतसंकेत बदलतो आणि ओलेपणाचे तास मोजले जातात. सोबत हवेचे तापमान, आर्द्रता, मुळांशी मातीतला ओलावा. एवढ्यावरून रोगाची शक्यता फोनवर येते आणि फवारणी आज करायची की टाळायची हे ठरवता येते. टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे औषधाचे, डिझेलचे आणि मजुरीचे पैसे, शिवाय निर्यातीच्या मालात औषधाचे अंश कमी. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसावर असाच प्रयोग चालवला आहे. त्यात जमिनीतल्या सेन्सरांच्या नोंदींना उपग्रहाच्या छायाचित्रांची जोड आहे.

लसींच्या फ्रिजचे उदाहरण त्याहून कमी ठाऊक आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे तापमान दिवसातून दोनदा पाहून वहीत लिहायची पद्धत. मधल्या वेळात आणि रात्री काय घडले ते फ्रिजलाच ठाऊक. २०१५पासून 'ईविन' या सरकारी यंत्रणेत फ्रिजमध्ये सिमकार्ड असलेले तापमापक बसवले गेले. तापमान मर्यादेबाहेर गेले की जबाबदार माणसांना संदेश जातो.

विजेच्या स्मार्ट मीटरची गोष्ट एवढी सरळ नाही. केंद्राच्या २०२१च्या योजनेत देशभरात २५ कोटी मीटर बसवायचे ठरले. महाराष्ट्रात त्याला मोठा विरोध झाला. तंत्र साधे आहे: मीटर ठरावीक अंतराने वापराची नोंद वीज कंपनीला पाठवतो, दूरवरून तोडता-जोडता येतो. हेलपाटा वाचतो, पण तो मीटर रीडिंग घेणाऱ्याचा आणि वीज तोडायला येणाऱ्या वायरमनचा. ग्राहकाला दिवसाचा दर आणि रात्रीचा दर वेगळा लागू झाला तरच कपडे धुण्याचे यंत्र दुपारी लावून काही हाती लागते. शिवाय तासातासाचा वापर म्हणजे घरातल्या माणसांची दिनचर्याच: कोण कधी उठते, घर कधी रिकामे असते.

रस्त्यावर अ‍ॅश्टनची मूळ कल्पना जवळजवळ जशीच्या तशी काचेवर चिकटलेली दिसते. फास्टॅगमध्ये बॅटरी नाही, इंटरनेटही नाही. टोलनाक्यावरचा वाचक रेडिओलहर सोडतो, तिच्याच शक्तीवर टॅगमधली चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि झोपी जाते. पुढचे काम वाचकामागच्या संगणकांचे. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचे तंत्रही असेच साधे, फक्त रेडिओलहरींऐवजी प्रकाशाचे. हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त हिरवा प्रकाश शोषते, आणि ठोक्यागणिक परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. मधुमेह्याच्या दंडावरचा सेन्सर मात्र कातडीखाली गेलेल्या बारीक तंतूवरून ऊतींमधल्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्तातल्या साखरेच्या थोडी मागे असते, म्हणून जेवणानंतर लगेच दोन्ही आकडे जुळत नाहीत.

जी वस्तू दूरच्या मालकाचे ऐकते ती दूरच्या परक्याचेही ऐकू शकते. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने हे सिद्ध केले. इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर शोधायचे आणि कारखान्यातून आलेले 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' छापाचे साठेक पासवर्ड लावून पाहायचे, एवढीच त्याची हुशारी. मालकांनी पासवर्ड बदललेलेच नव्हते. अशा लाखो यंत्रांची फौज जमली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीच्या सर्व्हरांवर झालेल्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास कोलमडल्या. मिराई रचणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण निघाले. भांडण मूळचे माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्याचे होते. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून सर्वांना एकच पासवर्ड देऊन उपकरणे विकायला बंदी केली. भारतात एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीपूर्व सुरक्षा चाचणी आवश्यक झाली.

काही वेळा कोणी चोरी न करताही गुपित फुटते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८मध्ये लक्षात आले की सीरिया, अफगाणिस्तानच्या ओसाड भागांत उजळलेल्या रेघा म्हणजे लष्करी तळांभोवती सकाळी धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा आहेत.

दुसरा धोका अधिक घरगुती आहे. वस्तू विकत घेतली तरी तिचा मेंदू भाड्याचा असतो. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा हब अमेरिकेत विकला गेला. तो बनवणारी कंपनी नेस्ट या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि मे २०१६मध्ये सर्व्हर बंद केला. डबे शाबूत होते, पण निकामी. त्यामुळे खरेदी करताना दुकानदाराला विचारायचा प्रश्न म्हणजे इंटरनेट नसताना हे चालते का. कुलूप किल्लीने उघडले पाहिजे, स्टार्टर बांधावर उभे राहून हाताने चालू झाला पाहिजे, प्लगवर बटण पाहिजे. २०२२मध्ये आलेल्या 'मॅटर' या प्रमाणपद्धतीत निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात, सर्व्हरचा वळसा न घेता एकमेकांशी बोलू शकतात; खोक्यावर तिचे चिन्ह असले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचा, आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय असते त्यावर ही उपकरणे ठेवायची, म्हणजे एखादे फितूर झाले तरी लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

उपकरण जुने झाले आणि कामवाल्या मावशींना किंवा भंगारवाल्याला द्यायचे ठरले, तरी त्यात घरच्या वाय-फायचा पासवर्ड तसाच असतो. बहुतेक प्लगवर तो पुसण्यासाठी चालू-बंदचेच बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. कॅमेऱ्याच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते, त्यात टाचणी घालून दाबायचे, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत.